चित्राभोवती लिहिलेली गोष्ट

आजच्या भागात आम्ही तुम्हाला एका पुस्तकाचा इतिहास सांगणार आहोत. पुस्तक जपानचं आहे आणि त्याचा पहिला भाग निघाला १८२९ साली. नाव जरा लांबलचक आहे, पण अर्थ ऐकलात की गंमत वाटेल. 'निसे मुरासाकी इनाका गेंजी'. निसे म्हणजे नकली. इनाका म्हणजे खेड्यातला, गावठी. तर, 'नकली मुरासाकीचा गावठी गेंजी'. जपानमधल्या बायकांनी हे पुस्तक तेरा-चौदा वर्षं वाट बघून बघून वाचलं, आणि मग सरकारनं ते बंद पाडलं. एका गोष्टीच्या पुस्तकाचं सरकारला एवढं काय वाटावं, हेच आज बघायचं आहे.

नकली मुरासाकी म्हटलं की खरी कोण हे आधी सांगायला हवं. मुरासाकी शिकिबु ही हजार वर्षांपूर्वीची बाई. क्योतो शहरात सम्राज्ञीच्या पदरी होती. तिनं गेंजी नावाच्या राजपुत्राची गोष्ट लिहिली, चांगली ५४ प्रकरणांची. जगातल्या सगळ्यात जुन्या कादंबऱ्यांमध्ये तिची गणती होते. आता यातली एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळात जपानातले शिकलेले पुरुष चिनी अक्षरांत लिहायचे. ती अक्षरं हजारोंनी, एकेका शब्दाला एकेक, शिकायला वर्षानुवर्षं लागायची, आणि मुलींना ती सहसा शिकवत नसत. बायका लिहायच्या 'काना' या सोप्या लिपीत. काना म्हणजे आपल्या बाराखडीसारखी, उच्चाराप्रमाणे लिहायची लिपी. तिला नावच पडलं होतं 'ओन्नादे', म्हणजे बायकांच्या हातचं वळण. नाव ठेवण्यामागे थोडा हिणवण्याचा सूर असणारच. पण त्या हिणवलेल्या लिपीत एका बाईनं जे लिहिलं, ते आज जपानचं सगळ्यात मोठं पुस्तक मानतात.

पुढे सात-आठशे वर्षं गेली. भाषा बदलली. ज्ञानेश्वरी हातात घेतल्यावर अर्थ सांगणारं कुणीतरी जवळ लागतं, तशी गेंजीची गत झाली. अर्थ सांगणारे पंडित होते, पण ते सामान्य घरातल्या बायकांना सांगायला थोडेच बसणार! उलट काइबारा एक्केन नावाच्या एका मोठ्या विद्वानानं १७१० साली मुलांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला, त्यात मुलींच्या हाती गेंजीसारखी पुस्तकं सहजासहजी देऊ नयेत असा सल्ला आहे. का, तर त्यात प्रेमप्रकरणं आहेत. बाईनं लिहिलेलं, बायकांच्या लिपीत लिहिलेलं पुस्तक, आणि तेच मुलींना वाचू देऊ नका!

पण वाचायची हौस अशी थांबते का? एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, वेगळ्याच प्रकारची पुस्तकं निघत होती. 'कुसाझोशी' म्हणायचे त्यांना. तळहाताहून थोडी मोठी, पातळ, स्वस्त. प्रत्येक पानावर चित्र आणि चित्रातल्या माणसांच्या डोक्यावर, पायाखाली, दोन माणसांच्या मधे, जिथे जागा सापडेल तिथे बारीक कानामध्ये लिहिलेली गोष्ट. मजकूर एका कोपऱ्यात संपला की तिथे त्रिकोण किंवा गोल अशी खूण असायची. तशीच खूण पानावर दुसरीकडे शोधायची, तिथून पुढे वाचायचं. रांगोळीतले ठिपके जोडावेत तसं डोळ्यांनी जोडत जायचं. चिनी अक्षरं जवळजवळ नाहीतच. म्हणजे ज्या बाईला नुसती काना येते तीसुद्धा ही गोष्ट कुणाला न विचारता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू शकायची. ज्यांना तीही येत नव्हती त्या चित्रं बघायच्या आणि दुसरी वाचत असताना ऐकायच्या. सुरुवातीला ही पुस्तकं पाच-पाच दुमडलेल्या पानांची असत. १८०७ च्या सुमाराला अशा अनेक पुस्तिका एकत्र शिवून विकायची पद्धत पडली. त्याला म्हणायचे 'गोकान', म्हणजे एकत्र बांधलेलं.

कागद कसला वापरायचे ऐका. नवाकोरा कागद महाग, म्हणून रद्दी भिजवून, तिचा लगदा करून पुन्हा घातलेला कागद. रंग जरा मळकट यायचा. पण त्यामुळे किंमत आटोक्यात राहायची.

आता ही पुस्तकं तयार कशी व्हायची ते सांगतो, कारण एका गोष्टीच्या पुस्तकावर किती घरांची चूल पेटायची ते त्यातून कळतं. आधी लेखक कच्चा आराखडा करायचा, कुठल्या पानावर कोण उभं, कोण बसलेलं, मजकूर कुठे. तो आराखडा बघून चित्रकार पातळ कागदावर पक्कं चित्र काढायचा. मग सुंदर अक्षराचा लेखनिक त्यात मजकूर भरायचा. तो कागद साकुराच्या, म्हणजे जपानी चेरीच्या, घट्ट लाकडाच्या फळीवर खळ लावून उपडा चिकटवायचे. उपडा अशासाठी, की फळीवर अक्षर उलटं दिसलं तरच कागदावर सुलटं उठतं. मग कोरणारा कारागीर बसायचा. रेघ आणि अक्षर तेवढं उंच ठेवायचं, बाकीचं लाकूड काढून टाकायचं. केसांची एकेक बट, अक्षराचं एकेक वळण. फळी दोन्ही बाजूंनी कोरायचे, लाकूड वाया घालवत नसत. त्यानंतर छापणारा. यंत्र नव्हतंच. फळीवर शाई, शाईवर कागद आणि कागदावर बांबूच्या पानात गुंडाळलेली चपटी चकती हातानं गोल गोल घासायची. एक पान, दुसरं पान, असं दिवसभर. शेवटी पानं दुमडायची, कडा कापायच्या, वेष्टन लावायचं, दोऱ्यानं टाके घालायचे.

१८५७ मधलं एक प्रसिद्ध चित्र आहे, त्यात अशा ठशांच्या कारखान्यात सगळ्या बायकाच कामाला दाखवल्या आहेत, नटूनथटून लाकूड कोरताना. ते चित्र मात्र खरं धरू नका. कोरणारे आणि छापणारे पुरुषच असत, चित्रकारानं गंमत म्हणून त्यांच्या जागी बायका बसवल्या होत्या. बायका दिसल्या की चित्र खपतं, हे तेव्हाही ठाऊक होतं म्हणायचं.

ते चित्र काढणारा उतागावा कुनिसादा हाच आपल्या 'गावठी गेंजी'चा चित्रकार. लेखक होता र्युतेइ तानेहिको. हे त्याचं लेखनासाठी घेतलेलं नाव. खरं नाव ताकाया हिकोशिरो, आणि घराणं सामुराईचं, म्हणजे राज्यकर्त्या शोगुनच्या पदरच्या लोकांपैकी. मोठा सरदार वगैरे नाही, वर्षाला ठरलेलं धान्य मिळायचं त्यावर गुजराण करणारा. नाटकांचा नादी आणि जुन्या पुस्तकांचा फार शौकीन. त्याला चित्रंही बरी काढता यायची, त्यामुळे त्याचे कच्चे आराखडे इतके बारकाईनं केलेले असत की कुनिसादाला काम सोपं व्हायचं. दोघांची जोडी जुनी होती. प्रकाशक होता एदोतला त्सुरुया किएमोन, नावाजलेलं दुकान.

तानेहिकोनं केलं काय, तर गेंजीची हजार वर्षांपूर्वीची गोष्ट उचलली, काळ बदलला, राजपुत्राच्या जागी एका जुन्या शोगुनचा मुलगा घेतला आणि त्याचं नाव ठेवलं मित्सुउजी. मित्सुउजी वरवर रंगेल तरुण. पण त्याचा आतला हेतू वेगळा. घराण्याच्या मौल्यवान वस्तू चोरीला गेल्या आहेत, त्यात एक तलवार आहे, त्या शोधायच्या आणि गादीवर टपलेल्या शत्रूचा बेत हाणून पाडायचा. म्हणजे मूळच्या प्रेमकथेला चोरीच्या तपासाची फोडणी. प्रत्येक भाग अशा जागी तोडायचा की पुढचा वाचल्याशिवाय चैन पडू नये. रोज रात्री मालिका बघणाऱ्या आपल्या सासवा-सुनांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रस्तावनेत त्यानं आणखी एक युक्ती केली. हे मी लिहिलेलंच नाही असा आव आणला. एदोच्या निहोनबाशी भागात शिकिबु नावाच्या गल्लीत ओफुजी नावाची एक बाई राहते, तिनं हे लिहिलंय, लोक तिला नकली मुरासाकी म्हणतात, असं सांगून टाकलं. ओफुजी अर्थातच काल्पनिक. आम्हाला यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे थट्टा, कुठे सम्राज्ञीच्या पदरची विदुषी आणि कुठे गल्लीतली बाई! आणि दुसरी, पुस्तक कुणासाठी आहे ते त्यानं पहिल्या पानावरच सांगितलं. गल्लीतल्या बाईनं गल्लीतल्या बायकांना सांगितलेली गोष्ट.

पहिला भाग निघाला आणि पुस्तक चाललं. इतकं चाललं की वर्षाला दोन-दोन, तीन-तीन भाग काढावे लागले. एक भाग म्हणजे वीस दुमडलेली पानं, दोन पातळ पुस्तकांत शिवलेली. दोन्हींची रंगीत वेष्टनं शेजारी शेजारी ठेवली की मिळून एक मोठं चित्र तयार व्हायचं, म्हणजे एक घेतलं की दुसरं घ्यावंच लागणार! असे १८४२ पर्यंत ३८ भाग निघाले. सगळी पृष्ठं मोजली तर दीड हजारांवर जातात. दहा हजारांहून जास्त प्रती खपल्या असं अभ्यासक मानतात. एकेक कागद हातानं घासून छापण्याच्या काळात हा आकडा केवढा मोठा, ते वरची छपाईची पद्धत आठवलीत की कळेल.

आणि विकत घेणाऱ्यांपेक्षा वाचणाऱ्या कितीतरी जास्त, कारण पुस्तकं भाड्यानं मिळायची. १८०८ साली एदोत भाड्यानं पुस्तकं देणारे ६५६ जण होते अशी नोंद आहे. पाठीवर पुस्तकांचा उंच गठ्ठा बांधून ते दारोदार फिरायचे. बांगडीवाला कासार दारावर येतो ना, तसे. त्यामुळे बाईला पुस्तकासाठी घराबाहेर पडावं लागायचं नाही. आज हे ठेवा, चार दिवसांनी परत न्यायला येतो, तेव्हा पुढचा भाग आणतो. एकच प्रत किती घरांत फिरायची, आणि एका घरात एक वाचायची तर चौघी ऐकायच्या. व्यापाऱ्यांच्या घरच्या लेकीसुना वाचायच्या, त्यांच्याकडे कामाला असलेल्या मुली वाचायच्या आणि शोगुनच्या महालात राहणाऱ्या बायकांपर्यंतही हे पुस्तक पोचलं होतं.

गोष्टीइतकंच चित्रांचंही वेड होतं. गोष्ट जुन्या काळातली, पण कुनिसादानं बायकांना नेसवलेले कपडे मात्र त्या वर्षीच्या एदोतले. किमोनोवरची नक्षी, पट्ट्याची गाठ, केसातला काटा, खोलीतला पडदा, सगळं अगदी ताजं. बायका गोष्ट वाचता वाचता नक्षी बघून ठेवायच्या. मित्सुउजीच्या केसांची गाठ तर कुनिसादानं अशी विचित्र काढली, झिंग्याच्या शेपटीसारखी वर आलेली, की कुठलंही चित्र लांबून बघितलं तरी हा तोच, हे कळायचं. पुढे नुसत्या चित्रांचे मोठे कागद वेगळे छापून विकायला लागले.

आता याच वर्षांत बाहेर काय चाललं होतं तेही बघू. १८३३ पासून चार-पाच वर्षं जपानात मोठा दुष्काळ पडला. तांदूळ महागला, माणसं उपाशी मेली, १८३७ साली ओसाका शहरात उठाव झाला. गादीवर होता शोगुन तोकुगावा इएनारी. त्याच्या महालात राण्या-दासींचा मोठा गोतावळा आणि मुलं पन्नासच्या वर. १८३७ मध्ये त्यानं गादी मुलाला दिली, पण सूत्रं स्वतःच्याच हातात ठेवली. लोक कुजबुजायला लागले, की हा मित्सुउजी आणि त्याच्याभोवतीच्या बायका म्हणजे दुसरं कुणी नाही, इएनारी आणि त्याचा महाल. तानेहिकोच्या मनात तसं होतं का, यावर लोक आजही वाद घालतात. पण वाचकिणींनी तसं वाचलं.

१८४१ मध्ये इएनारी वारला आणि मिझुनो तादाकुनी या मंत्र्यानं सुधारणांचा धडाका लावला. खजिना रिकामा, दुष्काळाची झळ, काहीतरी करणं भाग होतं हे खरं. पण त्याची काठी पडली कुणावर ते बघा. रेशमी कपडे नकोत. महागडे केसांचे काटे नकोत. नाटकगृहं शहराच्या कडेला हलवा. घरोघर जाऊन बायकांचे केस बांधून देणाऱ्या बायका होत्या, त्यांचा धंदा बंद करा. गाऊन गोष्ट सांगणाऱ्या बाई कलाकारांना बंदी. उधळपट्टी महालात झाली आणि काटकसर केस बांधणारीला शिकवली. हे वाचताना आम्ही थांबलो होतो. तिचं घर त्या केस बांधण्यावर चालत होतं, त्याची नोंद कुठल्या हुकुमात नाही.

पुस्तकांवर हुकूम आला १८४२ साली. गोकान पुस्तकांना रंगीत वेष्टनं नकोत, नटांचे चेहरे काढू नका आणि गोष्टी लिहायच्याच तर निष्ठा, आज्ञाधारकपणा, शील शिकवणाऱ्या लिहा. तामेनागा शुन्सुइ नावाचा लेखक बायकांसाठी प्रेमकथा लिहायचा, त्याला ५० दिवस हातात बेड्या घालून ठेवलं. 'गावठी गेंजी' बंद झालं. त्याचे लाकडी ठसे जप्त झाले. ठसे जप्त म्हणजे काय हे प्रकाशकाला विचारा. प्रत विकली तर एक प्रत जाते. ठसे गेले तर तेरा-चौदा वर्षांत केलेलं सगळं काम गेलं, आणि पुन्हा छापायचं म्हटलं तर पहिल्या रेघेपासून कोरायला बसायचं. त्सुरुयाचं दुकान त्यानंतर पहिल्यासारखं उभं राहिलं नाही.

तानेहिको पडला सामुराई, त्याला सामान्य लेखकासारख्या बेड्या घालणं शोभलं नसतं. त्याच्याबाबत एक गोष्ट सांगतात. वरिष्ठांनी त्याला बोलावलं आणि निरोप दिला, की तुमच्या घरी तानेहिको नावाचा कुणी माणूस राहतो असं कळलं, तो गोष्टी लिहितो हे बरं नाही, त्याला घराबाहेर काढा. समोर बसलेला माणूसच तानेहिको आहे हे सांगणाऱ्यालाही माहीत आणि ऐकणाऱ्यालाही. त्याच वर्षी तानेहिको वारला. जपानी हिशेबानं साठ वर्षांचा होता.

मिझुनोची मंत्रिपदावरून उचलबांगडी झाली १८४३ मध्येच. हळूहळू दोर ढिले झाले. १८४७ पासून दुसऱ्या लेखकांनी याच गोष्टीचे पुढचे भाग वेगळ्या नावानं काढायला सुरुवात केली, आणि चित्रांना पुन्हा कुनिसादाच. मित्सुउजीची ती झिंग्याची शेपटी पुन्हा दुकानांतून दिसायला लागली.

त्याच १८४७ साली एक नवल घडलं, पण ते जपानपासून फार लांब, युरोपात, ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात. तानेहिकोनं १८२१ साली एक छोटी चित्रमय कादंबरी लिहिली होती, तिच्या नावाचा अर्थ साधारण 'सहा घडीच्या पडद्यावरची चालू जगाची चित्रं' असा होतो. चित्रं होती कुनिसादाचा गुरू तोयोकुनी याची. एका मुलीची आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या तरुणाची साधी गोष्ट. सुरुवातीलाच त्यानं वाचकाला बजावलं आहे, की यात भुतं-जादू नाही, हरवलेली रत्नं नाहीत, देवानं दिलेले दृष्टांत नाहीत. (पुढे 'गावठी गेंजी'त चोरीला गेलेली तलवार त्यानंच घातली, ते सोडून द्या.) आउगुस्ट फित्समायर नावाचा एक विद्वान, जो कधी जपानला गेलाही नव्हता, त्यानं हे पुस्तक जर्मनमध्ये आणलं. तिथल्या सरकारी छापखान्यानं मूळ जपानी मजकूर छापण्यासाठी कानाची अक्षरं, म्हणजे ते बायकांच्या हातचं वळण, धातूच्या खिळ्यांत पाडलं आणि चित्रंही नक्कल करून छापली. युरोपातल्या भाषेत छापून आलेली ही पहिली जपानी कादंबरी. जपानातल्या पंडितांच्या भारदस्त चिनी अक्षरांतल्या ग्रंथांतून निवडलेली नव्हे, तर एदोत दारोदार पाठीवरून फिरणाऱ्या पुस्तकांपैकी एक. तिच्या लेखकाला गप्प करून पाचच वर्षं झाली होती.

'गावठी गेंजी'चे ३९ वा आणि ४० वा हे दोन भाग मात्र हस्तलिखितातच राहिले होते. ते छापले गेले १९२८ साली, ८६ वर्षांनी. तोवर एदोचं तोक्यो झालं होतं, छपाई यंत्रावर गेली होती, आणि ३८ वा भाग वाचून पुढच्याची वाट बघत बसलेल्या मुलींपैकी कुणी हयात असणं कठीणच.